पार्लरच्या मागची खोली

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मानसिंग आज सांगलीच्या ऑफिसात आला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला, पाणी प्यायला, ग्लास ठेवताना "थँक यू मॅडम" म्हणाला. मला ओळखलं नाही.

ओळखणार कसा? तेव्हा मी सात वर्षांची, तो नववीत. मी त्याला बघताक्षणी ओळखलं — नाही, हे खरं नाही. आमचे आर्किटेक्ट महेंद्रसर आतून म्हणाले, "या या मानसिंगराव, तासगावकर," तेव्हा ओळखलं.

सांगलीत गाळा घेतलाय. व्हिडिओ गेमचं पार्लर काढतोय. तेही नवं नाही, जुनं! उभ्या लाकडी पेट्या, दांडी आणि बटणं. सरांना मोबाईलवर फोटो दाखवत होता. "सर, पस्तिशी-चाळिशीतली माणसं येड्यागत येत्यात बघा. कॉफी प्यायची, ल्हानपणीचा गेम खेळायचा, रील टाकायची. मोबाईलवर बोटं घासून लोक कटाळल्यात. आता परत जुन्याची हवा हाय."

जुन्याची हवा! त्याच्या तोंडून!

आराखडा आणि अग्निशमनची परवानगी आपण करून देऊ, असं सर म्हणाले. फाईल माझ्याकडं आली. बसमध्ये तासगाव येईपर्यंत पिशवी छातीशी घट्ट धरून बसले होते. भीतीनं, असं आधी वाटलं. भीतीनं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

घरी सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डोक्यात सगळं मिसळतंय. जे मी पाहिलं आणि जे नुसतं ऐकलं, ते वेगळं करून लिहायला हवं. नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. (आणि मला त्याच्यावर अन्याय करायचा नाहीये. मला त्याचं वाटोळं करायचंय, पण न्यायानं.)

पाहिलेलं — स्टँडकडच्या रस्त्याला अब्बाचं व्हिडिओ गेमचं पार्लर. आत अंधार आणि काचांचा निळा उजेड. बाजारच्या दिवशी खेड्यांतली पोरं सायकली टेकवून आत घुसायची. पुढचा नंबर माझा, हे सांगायला काचेखालच्या पट्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, आणि ते नाणं कुणी उचलायचं नाही. अब्बाचा नियम. पेटीला अब्बा डबा म्हणायचा. "हुसेनमामा, डबा अडकला!" की अब्बा पान्हा घेऊन उठायचा.

पार्लरच्या मागं एक खोली. तिथं मी शिकले. मला शाळेत घातलं होतं, पण शाळेच्या फाटकाशी गेलं की मी उलटी करायचे. शेवटी समीनाफुफी, अब्बाची बहीण, म्हणाली, राहू दे, मीच शिकवते. पहिली आणि दुसरी मी त्या खोलीत केली. बाराखडी पाटीवर. हजाराच्या पुढचे आकडे डब्यावरच्या स्कोअरवरून. पोरांचा गलका मला सोसायचा नाही, म्हणून खोलीचं दार फुफी लावून घ्यायची. माझ्यासाठी.

ऐकलेलं — मानसिंग घरचा गॅसचा लायटर आणायचा. नाण्याच्या फटीशी नेऊन टक् केलं की डब्याला वाटायचं नाणं पडलं. फुकटात खेळायचा, इतरांनाही खेळवायचा. अब्बानं पकडलं. मारलं नाही. सगळ्या पोरांसमोर फडकं दिलं आणि सगळ्या काचा पुसायला लावल्या. पोरं हसली. त्यानं घरी जाऊन सांगितलं, हुसेनमामा मागच्या खोलीत दार लावून घाणेरडे पिक्चर दाखवतो.

पाहिलेलं — त्याचा चुलता नानासो माणसं घेऊन आला. पतसंस्थेचा चेअरमन, गावात शब्द चालायचा. पुढं काचा फुटल्या. मग दारावर लाथ बसली. आत टीव्ही नव्हता. फुफी होती आणि मी होते. मी तिच्या मागं लपले. पाटी जमिनीवर पडली होती. त्यांना पाटी दिसली नाही. त्यांना बाई दिसली.

ऐकलेलं — संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं: पार्लरच्या मागं हुसेननं बाई बसवलीय. "बहीण हाय त्याची" असं कुणी म्हटलं की पुढचा म्हणायचा, "मग दार कशाला लावतंय?"

फुफीचं मिरजेत ठरलं होतं. मोडलं. मग कुठंच ठरलं नाही. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. मी आता बावीस वर्षांची आहे. फुफी शिलाई करते, पिको-फॉल करते, गल्लीतली पोरं शिकवते. लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते.

मोबाईल येतच होते. दोन-चार वर्षांत पार्लर आपोआपच बंद पडलं असतं. कोरेगावचं पडलं, विट्याचं पडलं, सगळीकडची पडली. अब्बानं शेवटच्या दिवशी पोरांना फुकट खेळवून कुलूप लावलं असतं. लोकांनी आठवण काढली असती. त्या जागेत पुढं सायबर कॅफे आला, मग रिचार्जचं दुकान, आता केक मिळतात. यात कुणाचा दोष नाही. पण आमचं काळानं बंद पडलं नाही. ते मानसिंगनं बंद पाडलं.

आणि आता तोच तिकीट लावून आठवणी विकणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आले तर ओट्यावर पाहुण्यांची निळ्या फुलांची कपबशी पालथी घातलेली. कोण आलं होतं, विचारलं. शिलाईमशिनवरून मान न उचलता फुफी म्हणाली, "मानसिंग."

"कोण मानसिंग?"

"किती मानसिंग माहीत आहेत तुला?"

त्याला चहा दिला! आमच्या कपात! मी ती कपबशी परत घासली. मग लाज वाटली, कपाचा काय दोष. तरी घासली.

त्याचे तीन डबे बंद आहेत म्हणे. दुरुस्तीला माणूस सापडत नाही, कुणीतरी अब्बाचं नाव सांगितलं. अब्बा बेदाण्याच्या शेडवर मोटर बघायला गेला होता, म्हणून फुफीशीच बोलून गेला. अम्मी म्हणाली, बराच वेळ बसला होता, आधी दारातच उभा होता, समीनानं आत घेतलं. काय बोलले ते अम्मीला माहीत नाही, ती दळण आणायला गेली होती.

फुफीला विचारलं. "कामाचं बोललो."

"त्याचं आपल्याकडं काय काम?"

"जेवायला वाढू का तुला?"

तिला राग कसा येत नाही? की आटून गेला? मग मी तिच्या वाटचा पण धरीन.

२७ फेब्रुवारी

अब्बा जाणार आहे. त्याचे डबे दुरुस्त करायला! आणि फुफी म्हणते, पैसे घेऊ नको भाई.

मी ताटावरून उठले. अब्बा मागं आला. "डब्याशी माझं काय भांडण, बेटा?"

"आणि त्याच्याशी?"

"तो पोरगा होता गं तेव्हा."

"मी पण पोरगी होते."

अब्बा परत ताटावर जाऊन बसला. तसं बोलायला नको होतं. पण खरं होतं.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. आज कुणाचं वाईट चिंतायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारपर्यंत टिकलं.

५ मार्च, बुधवार

गाळ्याचा आराखडा काढला. लांबट आहे, बोगद्यासारखा. पुढं एक दार. मागं भिंत, भिंतीपलीकडं गल्ली. दुसरं दार नाही.

गेल्या वर्षी गुजरातेत गेम झोनला आग लागली, लहान मुलं गेली. तेव्हापासून दुसऱ्या दाराशिवाय परवानगी मिळत नाही. सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मागं दार दाखव. भिंत पाडून घेतो म्हणालाय तो."

"पण आत्ता नाहीये, सर."

"मग 'प्रस्तावित' लिही. अर्फा, तू पुढंमागं स्वर्गात गेलीस तर दाराला टेप लावून बघशील."

'प्रस्तावित' लिहिलं. ठळक लिहिलं. लिहिताना मनात आलं, हा माणूस शब्दाचा किती पक्का ते आपल्याला माहीत आहे. पाडणार नाही तो भिंत.

पाडू नये, असंही मनात आलं. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार?

११ मार्च

अब्बा सांगलीहून रोजा सोडायच्या अगदी वेळेला आला. हाताला ग्रीस. खजूर तोंडात आणि बोलणं चालू. एक डबा सुरू झाला! दांडीखालचे सगळे स्विच गंजलेले, काढून बदलले. पिक्चर ट्यूब मात्र शाबूत. "आवाज आला ना त्याचा, तसाच, तस्साच!"

गल्लीतली दोन पोरं बघायला आली होती म्हणे. काचेवर बोट फिरवत बसली. "म्हटलं अरे दांडी धर! तर मला म्हणतो, काका, टच खराब झालाय तुमचा." अब्बा हसताना ठसकला, फुफीनं पाठीवरून हात फिरवला.

अब्बा असा हसलेला मला आठवत नाही. त्याला हे हसू मानसिंगच्या दुकानात सापडावं! म्हणून मला मानसिंगचा आणखीच राग आला. हे न्यायाचं नाही, कळतं मला.

१५ मार्च, शनिवार

व्हॉट्सअॅपवर पत्रिका आली. उद्घाटन पाडव्याला, संध्याकाळी. "तासगावातील पहिले पार्लर चालक श्री. हुसेन शिकलगार यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार." खाली — अध्यक्षस्थान: मा. नानासो. फोटोसकट! पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा.

ज्या माणसानं काचा फोडल्या तो अब्बाच्या खांद्यावर शाल घालणार. लोक टाळ्या वाजवणार. मानसिंग त्याची रील करणार. आणि मग सगळं पुसलं जाणार, त्या काचांसारखं. आमच्याच माणसाच्या हातात नारळ देऊन!

मला वाटलं अब्बा नाही म्हणेल. अब्बा म्हणाला, "कुठला शर्ट घालू?"

मग फुफीकडं बघितलं. ती म्हणाली, "जाऊ या. सगळेच जाऊ. अर्फा, तू सुट्टी काढ."

"रविवार आहे."

"मग झालं. आणि त्याला सांग, माईक चांगला ठेव. मागच्या माणसाला पण ऐकू गेलं पाहिजे."

ती ईदचा ड्रेस स्वतःसाठी शिवतेय. दरवर्षी माझ्यासाठी शिवते, स्वतःसाठी जुनाच. या वेळी हिरव्या रंगाचा, बाह्यांना नक्षी. नानासोसमोर नटून बसणार? मला तिचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

१९ मार्च, बुधवार

सरांनी शेवटच्या मापांना पाठवलं. भिंत तशीच आहे.

तशीच नाही. तिच्यावर रंगीत चित्र काढलंय, विटांचं आणि चांदण्यांचं, आणि पुढं मोठा गाडीचा डबा लावलाय, स्टीअरिंगवाला. त्या बाजूनं मांजर बाहेर जाणार नाही.

मी म्हटलं, "इथं दार पाहिजे होतं."

"आवं मॅडम, दार काय पळून जातंय व्हय? पेंटरनं आठ दिस घालवल्यात त्या चित्रावर. पाडवा होऊ दे, रील होऊ दे, मग पाडतो भित. गल्लीवाला बी तयार हाय."

मी टेप काढला. त्यानं दुसरं टोक धरलं. मग एकदम म्हणाला, "तुमी हुसेनमामांची अर्फा नव्हं? घरी फोटो बघितला तुमचा. मला तवा... मंजी आधी ऑफिसात ध्यानात आलं न्हाई."

कान लाल झाले होते त्याचे. टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता.

"त्या टायमाला मी ल्हान हुतो, अर्फा. आमच्या घरात—"

"टोक भिंतीला लावा," मी म्हटलं. "माप चुकतंय."

त्यानं लावलं. नंतर निघताना दारापर्यंत आला. "पाडव्याला याच. मला जरा बोलायचं हाय त्या दिवशी. तुमच्या आत्यांना तर आणाच."

बोलायचंय! पाहुण्यांसमोर, माईकवर, मोठेपणानं! कसा लहानपणी खोडकर होतो, मामांनी कान धरला, हा हा हा. लोक हसतील. फुफी हिरवा ड्रेस घालून त्यात हसेल.

नाही होऊ देणार.

२० मार्च

आजच कळवायला हवं. दार नाही, माणसं आत येणार, मी स्वतः बघितलंय. सरांना सांगितलं तर सर आज त्याला फोन करतील.

पण आज कळवलं तर तो भिंत पाडेल. आठ-दहा दिवस आहेत, दार बसेल, आणि पाडव्याला सत्कार होईल.

अगदी शेवटी कळवलं, तर काही पाडायला वेळच राहणार नाही. मग कुलूप. फुलांच्या माळा लागलेल्या असतील, नानासो निघालेला असेल, आणि दाराला कुलूप! सगळ्या गावाला कळेल. जसं आमचं कळलं होतं. आणि कुणी म्हणू शकणार नाही की अर्फा खोटं बोलली. लायटरनं टक् केलेलं नाही हे. खरं नाणं आहे.

फुफी लहानपणी म्हणायची, आधी नियत बघ, मग काम कर. काम बरोबर आहे. नियत विचारू नये.

२३ मार्च, रविवार

आज त्याची ट्रायल होती. गल्लीतली पोरं, ओळखीपाळखीची माणसं, फुकट. पत्रिकेच्या तळाशी ट्रायलची तारीख होती. काही झालं तर? मला माहीत आहे आणि मी बोलले नाही, आणि आज काही झालं तर?

गेले. पुढच्या दारापाशी खुर्ची घेऊन बसले. लाल सिलेंडर कुठं आहे ते बघून ठेवलं, पिन कशी काढायची ते त्याच्यावर दोनदा वाचलं. दारात कुणी चपला काढल्या की बाजूला सारत होते. वायरिंगकडं बघत होते. रोजा असल्यानं पाणीसुद्धा नाही. एकदा कॉफीच्या मशिनमधून वाफ निघाली तर मी उभी राहिले.

आत गंमत चालली होती, खरं लिहायला हवं. टक्कल पडलेली माणसं दांडीला लोंबकळत ओरडत होती. एकानं काचेखालच्या पट्टीवर नाणं ठेवलं, सवयीनं, आणि ते कुणीही उचललं नाही. डबे आता नाण्यावर चालतच नाहीत. त्याची बायको विचारत होती, "हे कशाला ठेवलंय?" त्याला सांगता येईना.

मानसिंग माझ्यासाठी खुर्चीवर उशी घेऊन आला. "सकाळधरनं दारातच बसलाय. लय काळजी घेता तुमी."

मी म्हटलं, "कुणीतरी घ्यायला हवी."

"व्हय," म्हणाला. खाली बघत होता. वर मी 'ओशाळला' असं लिहिणार होते, पण ते मला नक्की माहीत नाही. खाली बघत होता, एवढंच.

२४ मार्च

काही झालं नाही. शुक्र आहे. पाठवायचं गुरुवारी.

२७ मार्च, गुरुवार

पाठवलं.

महापालिकेच्या अग्निशमन विभागाला मेल, प्रत आयुक्तांना, प्रत पेपरवाल्यांना. भिंतीचे फोटो जोडले. आराखडा जोडला, 'प्रस्तावित'भोवती लाल गोल केला. एकही शब्द जास्तीचा नाही. जुन्या गोष्टीचा उल्लेख नाही. खाली नाव लिहिलं, पूर्ण, पत्ता, फोन. निनावी पाठवलं असतं तर मी आणि तो लायटरवाला पोरगा यांत काय फरक?

इफ्तारला भूक लागली. बऱ्याच दिवसांनी.

२८ मार्च

दुपारी विभागातून फोन. भिंत अजून तशीच आहे का, विचारलं. मी म्हटलं, आहे.

२९ मार्च, शनिवार

सील लागलं!

मार्च अखेर म्हणून सगळी ऑफिसं चालू होती. मी रस्त्याच्या पलीकडं औषधाच्या दुकानासमोर उभी होते. लाल गाडी आली, तीन माणसं उतरली, आत गेली, बाहेर आली. दहा मिनिटंसुद्धा नाही. साखळी, कुलूप, लाख, कागद. झेंडूच्या माळा टेम्पोतून उतरत होत्या त्या परत चढवल्या. अब्बाचा फोटो असलेला फ्लेक्स अर्धा बांधून झाला होता, त्याचा एक कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. येणारेजाणारे थांबून विचारत होते, "काय झालं हो?" आणि कुणीतरी सांगत होतं, आणि ऐकणारा मान हलवत होता. अगदी तशीच मान. मी ओळखते ती मान!

मानसिंग पायरीवर बसला. डोक्याला हात लावून नाही, नुसता बसला. मला वाटलं होतं तो इकडंतिकडं मला शोधेल. त्यानं शोधलं नाही. फोन काढला, कुणाला तरी लावला, आणि बराच वेळ ऐकत राहिला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. चालताना पाय हलके होते.

ऑफिसात सर ओरडले नाहीत. समोर बसवलं. "दार नव्हतं हे मला मान्य. चूक माझीपण, मी बघायला गेलो नाही. पण मापं घ्यायला तू एकोणीसला गेलीस, अर्फा. मग सत्तावीस का?"

मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"मधल्या रविवारी तिथं पोरं होती," सर म्हणाले.

"मी दारात बसले होते, सर."

येऊ नकोस, असं म्हणाले नाहीत. ऑफिसची किल्ली मात्र मागून घेतली.

घरी अब्बाला आधीच कळलं होतं. शर्ट इस्त्री करून खिळ्याला लावलेला. "दार नव्हतं म्हणजे बरोबरच आहे," म्हणाला. "आगीशी खेळ नको." मग थोड्या वेळानं, "डबे मात्र सगळे चालत होते गं."

मी केलं, असं सांगितलं. अब्बानं मान हलवली. फुफी मशिनवर होती. मशिन थांबलं. मग परत सुरू झालं.

३० मार्च, रविवार. पाडवा

लोकांच्या दारात गुढ्या. आम्ही कुठंच गेलो नाही. मी वाट बघतेय, फुफी मला जवळ घेईल म्हणून. तिच्यासाठी केलं हे तिला कळलंय, कळलंच असणार. ती दिवसभर हिरव्या ड्रेसच्या बाह्यांची नक्षी उसवत बसली होती. चुकलंय का, विचारलं, तर म्हणाली, "नाही, नको वाटतेय."

चाँद दिसला. उद्या ईद.

३१ मार्च, सोमवार. ईद

शीरखुर्मा ढवळता ढवळता फुफीनं सांगितलं. त्या दिवशी चहा देताना तिनंच त्याच्याशी ठरवलं होतं — हुसेन तुझे डबे फुकट जुळवून देईल. तू माईकवर, नानासोंच्या देखत, सगळ्या तासगावकरांसमोर सांगायचं, की तेव्हा मी खोटं बोललो, मागच्या खोलीत समीना पोरीला शिकवत होती. तो हो म्हणाला होता. सत्कार त्यासाठी होता. शनिवारी पायरीवरून त्यानं तिलाच फोन केला. "तुमच्या पोरीनं काय घ्यायचं ते घेतलं, आपा. आता आपली फिट्टंफाट झाली."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"झाल्यावर सांगणार होते. आधी गावभर सांगून मोडलेलं एकदा बघितलंय मी."

मग तिनं विचारलं, "दार खरंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बरोबर केलंस."

मी गळाभेट घ्यायला पुढं झाले. तिनं वाट्यांचं ताट माझ्या हातात दिलं. म्हणाली, गरम आहे तोवर शेजारी देऊन ये.